परदेशात मिशन टीमबरोबर असताना गंभीर आजारी पडल्यास काय होते?

आपला प्रश्न असा आहे : पुढील वर्षी चर्चच्या मिशन टीमबरोबर युगांडाला जायचे आहे, वय बावन्न असून मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत, तिथे गंभीर आजारी पडल्यास काय होते आणि आपण टीमला ओझे तर होणार नाही ना? यातील दुसऱ्या भागामुळे मी उत्तर लिहायला बसले, कारण ओझे होण्याच्या याच भीतीने मी दोन दिवस ताप लपवला होता आणि त्या दोन दिवसांमुळे माझा जीव धोक्यात आला होता.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नगरहून आम्ही नऊ जण पूर्व युगांडातील सोरोटीच्या परिसरात तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे गावातल्या शाळेत वाचनाचे वर्ग घेण्याचे काम माझ्याकडे होते. पिवळ्या तापाची लस सर्वांनी घेतली होती, कारण त्या पिवळ्या कार्डाशिवाय तिथे प्रवेश नाही आणि परतताना आपल्याकडेही ते पाहतात. मलेरियाच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीनची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची होती. ती निघण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. मी ती सकाळी उपाशीपोटी घेत होते, त्यामुळे छातीत जळजळ आणि मळमळ होऊ लागली, म्हणून चौथ्या दिवशी मी ती बंद केली आणि कोणालाही सांगितले नाही. भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घेतली असती किंवा आमच्यातील परिचारिका भगिनींना विचारून दुसरे औषध घेतले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते.

मनात आणखी एक चुकीची समजूत होती, आणि ती आपल्याकडील अनेकांच्या मनात असते म्हणून स्पष्ट लिहिते. मलेरिया आपल्याकडेही आहे, लहानपणी मला दोनदा झाला होता, तेव्हा त्याचे एवढे काय, असे मला वाटे. परंतु आपल्या शहरांत बहुधा आढळणारा व्हायवॅक्स आणि युगांडात जवळजवळ सर्वत्र असलेला फाल्सिपेरम या मलेरियाच्या दोन प्रकारांत मोठा फरक आहे. फाल्सिपेरमचे परजीवी शिरलेल्या रक्तपेशी मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, आणि उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांतच रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. तिथे वाढलेल्या प्रौढांना वारंवार होणाऱ्या संसर्गामुळे जी थोडीफार प्रतिकारशक्ती मिळते, ती आपल्याकडे नसते. घरून नेलेल्या क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाच्या गोळ्याही तिथे भरवशाच्या नाहीत, कारण आफ्रिकेतील फाल्सिपेरम त्या औषधाला फार पूर्वीच निर्ढावला आहे.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मला थंडी वाजून ताप आला. मी पॅरासिटामॉल घेतली, पेटीतल्या क्लोरोक्विनच्या गोळ्याही घेतल्या, आणि घाम येऊन ताप उतरल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुले वाट पाहत होती, टीममध्ये माणसे मोजकीच होती, आणि एवढ्या लोकांच्या देणग्यांवर आलेली मी खोलीत पडून राहिले तर देणाऱ्यांना काय वाटेल, हा विचार पाठ सोडत नव्हता. त्या रात्री उलट्या सुरू झाल्या. पंधराव्या दिवशी पहाटे मला स्वतःहून उठून बसता येईना आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. खोलीतल्या सोबतिणीने परिचारिका भगिनींना उठवून आणले, आणि त्यांनी मला पाहताच गाडी काढायला सांगितले. जमलेल्या मंडळींपैकी काहींनी आधी एकत्र प्रार्थना करावी असे सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रार्थना गाडीत करू.” पाळकसाहेबांनी लगेच होकार दिला आणि लाल मुरमाच्या रस्त्यावर चाळीस मिनिटे ती गाडीत चालूच राहिली. माझा प्रार्थनेवर पूर्ण विश्वास आहे, आणि त्या वाक्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

मिशनच्या लहानशा रुग्णालयात बोटातून रक्त घेऊन पट्टीवर तपासणी झाली, पंधरा-वीस मिनिटांत निदान हाती आले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवींची संख्या मोजली गेली. रक्तातील साखर फार खाली गेली होती, म्हणून आधी ग्लुकोज दिले. मग शिरेतून आर्टेसुनेट हे गंभीर मलेरियावरचे औषध सुरू झाले. या औषधाची मात्रा प्रौढांना दर किलो वजनामागे २.४ मिलिग्रॅम असते. माझे वजन ६२ किलो, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे १५० मिलिग्रॅम, ६० मिलिग्रॅमच्या अडीच कुप्या. पहिली मात्रा लगेच, दुसरी बारा तासांनी, तिसरी चोविसाव्या तासाला आणि त्यानंतर गरजेनुसार रोज एक; गोळ्या पोटात ठरू लागल्यावर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा तीन दिवसांचा क्रम. पूर्वी यासाठी क्विनाइन देत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भारत, बांगलादेश, म्यानमार व इंडोनेशियातील १४६१ रुग्ण होते. त्यांपैकी क्विनाइन मिळालेल्यांत सुमारे २२ टक्के, तर आर्टेसुनेट मिळालेल्यांत १५ टक्के रुग्ण दगावले. हे मी परतल्यावर वाचले आणि पंधराव्या दिवसाची ती पहाट आठवून बराच वेळ सुन्न बसले.

मला कंपालाला हलवावे असा टीममधील काहींचा आग्रह होता. रस्ता सुमारे ३०० किलोमीटरचा होता, आणि डॉक्टरांनी समजावले की औषध तिथेही हेच मिळेल, प्रवासात मात्र साखर पुन्हा उतरली किंवा झटके आले तर सांभाळणे कठीण जाईल. मूत्रपिंडे काम करत होती, परजीवींची संख्या दुसऱ्याच दिवशी झपाट्याने घटली, आणि थांबण्याचा निर्णय योग्य ठरला. मोठ्या शहरातले रुग्णालय नेहमीच अधिक सुरक्षित, हे मला आता तितकेसे पटत नाही; योग्य औषध वेळेत कुठे सुरू होते, हे मी आधी पाहीन.

तिथल्या रुग्णालयात नातेवाइकांनी सोबत राहून स्वयंपाक, धुणे, अंग पुसणे हे सारे करायचे असते. माझ्यासाठी सोबतीण राहिली, पण पहिल्या दिवशी तिच्याकडे ना भांडे होते ना चूल. शेजारच्या खाटेवरील मुलीच्या आजीने न मागता नाचणीची पातळ पेज आणून दिली. आपल्या नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एवढेच कळले की ही चव आईच्या हातची आहे. “एयालामा नोई”, म्हणजे अतेसो भाषेत खूप आभार, हे दोन शब्द मी त्या आजीसाठी शिकले.

खर्चाचे थोडक्यात सांगते. युगांडात सरकारी दवाखान्यांतील शुल्क २००१ पासून माफ आहे, पण औषधे बाहेरून आणावी लागू शकतात. मिशन रुग्णालयात पैसे भरावे लागतात आणि ते आधी रोख भरावे लागले. विम्याचे कागद माझ्या पेटीच्या तळाशी होते, त्यामुळे कळवायला उशीर झाला. ते कागद टीममधील आणखी दोघांकडे असू द्यावेत.

याहून अधिक त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. कोणीतरी कळकळीने चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रार्थनाविनंती टाकली, आणि माझ्या यजमानांना माझ्या आजाराची बातमी शेजाऱ्यांकडून कळली. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि पाळकसाहेबांचा फोन लागेपर्यंत ते एकटे बसून होते. घरी कोणी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

सहा दिवसांनी मला रुग्णालयातून सोडले. टीम ठरल्या दिवशी परतली, दोघी माझ्यासाठी आठवडाभर मागे राहिल्या. भारतात आल्यावर, पहिल्या इंजेक्शनपासून सोळाव्या दिवशी, मला पुन्हा धाप लागू लागली आणि हिमोग्लोबिन ११ वरून ७.८ वर उतरलेले आढळले. आर्टेसुनेटच्या उपचारानंतर काही रुग्णांत एक ते तीन आठवड्यांनी रक्तपेशी अशा फुटतात, म्हणून चार आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला हवे. निरोगी परतलेल्यांनीही पुढील तीन महिन्यांत ताप आल्यास डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेच्या प्रवासाविषयी सांगावे.

आपल्या मधुमेहाविषयी : जाऊ नये असे मी म्हणणार नाही, पण आपल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. प्रतिबंधाचे कोणते औषध आपल्या गोळ्यांबरोबर चालेल, आणि उलट्यांमुळे जेवण होत नसेल तेव्हा साखरेच्या गोळ्यांचे काय करायचे? मलेरियात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लुकोमीटर स्वतःजवळ ठेवावा, आणि तो वापरता येणारी टीममधील दुसरी व्यक्तीही असावी.

ओझ्याविषयी सांगायचे तर, माझ्यामुळे टीमचे तीन दिवसांचे काम बुडाले आणि दोघींची तिकिटे बदलावी लागली. तेराव्या दिवशी संध्याकाळीच सांगितले असते, तर बहुधा तीन दिवसांच्या गोळ्यांवर भागले असते. आमची टीम २०१९ मध्ये पुन्हा गेली, तेव्हा परिचारिका भगिनी रोज रात्रीच्या जेवणानंतर गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवीत, प्रत्येकाने सर्वांसमोर गोळी घ्यायची आणि ताप, उलटी, जुलाब यांपैकी काही आहे का हे तोंडाने सांगायचे, असा नियम होता. त्या टेबलाशी मीही होते, आणि पहिल्या रात्री पहिली गोळी भगिनींनी माझ्याच हातावर ठेवली.