अमेरिकेत स्काउट असलेल्या मुलाच्या मेरिट बॅजवर त्याचे वडीलच काउन्सेलर म्हणून सही करू शकतात का?

हो, करू शकतात (मेरिट बॅज म्हणजे एखाद्या विषयातली ठरलेली कामं पूर्ण केल्यावर मिळणारा बिल्ला, आणि काउन्सेलर म्हणजे ती कामं तपासून मंजूर करणारी मोठी व्यक्ती), फक्त त्या बॅजसाठी त्यांची काउन्सेलर म्हणून रीतसर नोंदणी आणि मंजुरी झालेली हवी. स्काउटिंग अमेरिका (तिथली स्काउट संघटना, आधीचं नाव बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका) हिच्या नियमांतच ही मुभा आहे. वय किमान १८ आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण, या अटी बाबांनाही चुकत नाहीत. निकषांत सवलत नाही. 'करून दाखवा' लिहिलंय तिथे नुसतं सांगून भागत नाही. पर्सनल मॅनेजमेंटच्या (स्वतःचे पैसे आणि वेळ सांभाळण्याच्या) बॅजला १३ आठवडे जमाखर्च लिहावा लागतो. काउन्सेलर घरचाच म्हणून तो शेवटच्या रात्री एकाच पेनाने भरू नये (वही लगेच चुगली करते). एका काउन्सेलरकडून किती बॅज घ्यायचे यावर मात्र स्काउटमास्टर (मुलाच्या स्काउट पथकाचा प्रमुख) मर्यादा घालू शकतो, तेव्हा सुरुवातीलाच त्याच्याशी बोलून घ्या.