पुढे शिक्षक होणारी पोरं बांधावर ओळख

यंदा कृषिदूत-कृषिकन्यांचा, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवणाऱ्या कृषी पदवीच्या मुलामुलींचा, गट पहिल्यांदाच तुझ्याकडे आलाय, म्हणून सांगतो. ज्यांना पुढे शेती शिकवायची आहे, त्यांचं कौतुक करायचं तर गुणपत्रिका बाजूला ठेव आणि त्यांना गावात शिकवताना बघ.

बोर्डो मिश्रणाचंच, म्हणजे पिकावर फवारायच्या बुरशीनाशकाचं, प्रात्यक्षिक घे. एक टक्क्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. हे सगळ्यांनाच पाठ असतं. आमच्या गटातल्या एका मुलीने तयार मिश्रणात विळा बुडवला, थोड्या वेळाने काढून समोरच्या आजींच्या हातात दिला. "आजी, काय दिसतंय?" पात्यावर तांबूस थर चढला होता. चुना कमी पडला की असं होतं, हे ती आधी बोललीच नव्हती. आजीच म्हणाल्या, "चुना वाढवा मग." मला तिथेच भरून आलं. अशी मुलगी हातची जाऊ देऊ नकोस.

शाबासकी त्याच दिवशी, शेतकऱ्यांसमोर दे. प्रमाणपत्र मागाहून येईलच. कॉलेजात परतल्यावर प्रथम वर्षाचा एक तास तिला घेऊ दे, तू मागच्या बाकावर बस. आणि एमएस्सी, मग प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा, ही वाट तिला आत्ताच समजावून सांग.