गाडीचे बिल आणि गिळलेले एक वाक्य

"पगार हातात पडायच्या आत गाडी तो खाऊन टाकते." हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, ते कानावर पडताच पुढचा भाग मला कळू लागला आहे. मी समुपदेशन करते, आणि बेताच्या उत्पन्नात जुनी गाडी सांभाळणारी माणसे माझ्याकडे गाडीसाठी येत नाहीत. झोप लागत नाही, घरात शब्दाने शब्द वाढतो, अशा तक्रारी घेऊन ती येतात. दोन-तीन भेटींनंतर मात्र सारे धागे गॅरेजच्या बिलाशी जाऊन पोहोचतात. "एका बिलापायी मी इतका का भडकतो?" हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडत आहे.

हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले आणि पाळीचे काम करणारे. कामाच्या वेळांना दुसरे कोणतेही वाहन मिळत नसल्याने गाडी ही त्यांची चैन नव्हती. एका वर्षात आधी हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील), मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), त्यानंतर सस्पेन्शन (रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा) अशी कामे निघाली. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "मॅडम, आधीच ओढाताण, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. गाडीचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालंय. आणि मेकॅनिक लुटतोय हे कळत असून मी काही करू शकत नाही."

अशा माणसाला "सकारात्मक विचार करा" असे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो बिल भरून विसरतो. ज्याच्याकडे नाही तो उसने घेतो, घरातले एखादे गरजेचे काम पुढे ढकलतो आणि पुढचे कित्येक दिवस त्याच आकड्याभोवती मनाने फिरत राहतो. पैसे कमी असणे ही विचारातली चूक नव्हे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण स्वतःशी बोललेले एक वाक्य उभे असते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून आपल्या उपचारपद्धतीतून मांडले, आणि माझे सारे काम त्याच पायावर उभे आहे. परंतु या विचाराचा अर्थ "दोष तुमच्याच डोक्यात आहे" असा लावणाऱ्यांशी माझे मुळीच जुळत नाही. बिल खरे असते. त्या बिलाच्या खाली आपण मनातल्या मनात काय लिहितो, तेवढेच तपासायचे असते.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना सगळी बिले घेऊन यायला सांगितले. डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढलेली, चार घड्या पडलेली ती कागदे आम्ही तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. एकावर ऑइलचा डाग होता. ओळीने तीन बिलांत "कूलंट टॉप-अप" अशी नोंद होती आणि चौथे बिल हेड गॅस्केटचे होते. इंजिन थंड ठेवणारा हा द्रव बंद मार्गात फिरतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा तो इंजिनाच्या आत जात आहे, असे समजावे. तसेच चालवत राहिल्यास इंजिन तापते, सिलिंडर हेड वाकते आणि त्याखालचे गॅस्केट जाते. सुरुवातीला कदाचित एका पाइपावर भागणारे काम असे वाढत जाते.

"तीन वेळा कूलंट कमी झालं. ते का होतंय, हे तुम्ही विचारलं का?"

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर त्याने मोठं काम काढलं असतं."

"आणि काढलं असतं तर?"

ते बराच वेळ गप्प राहिले. अंगठ्याने एका बिलाची घडी सरळ करत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तर मला सांगावं लागलं असतं की एवढे पैसे आत्ता माझ्याकडे नाहीत. तिथे चार माणसं उभी असतात, मॅडम."

त्या क्षणापर्यंत मीही त्यांच्या रागावरच काम करत होते. "हे माझ्याच वाट्याला का?" हे त्यांचे वाक्य मला गाठ वाटत होते, आणि गाठ तर त्याच्याही खाली होती. गॅरेजमध्ये त्यांना राग येतच नव्हता, तिथे त्यांना लाज वाटत होती. त्या लाजेपायी ते न विचारता मान डोलावत, पैसे देत, आणि घरी पोहोचल्यावर तीच लाज संताप होऊन बाहेर पडे. त्यानंतर असे अनुभव सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारते की, गॅरेजमध्ये तुम्ही कोणते वाक्य गिळता. बहुतेकांकडे ते एकच वाक्य असते.

उरलेला तास आम्ही ते वाक्य मोठ्याने म्हणण्यात घालवला. पहिल्यांदा त्यांनी ते टेबलाकडे पाहत म्हटले, सातव्या-आठव्या वेळी माझ्याकडे पाहून: "आत्ता माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. यात आधी काय करायलाच हवं, आणि काय थांबू शकतं?"

या प्रश्नाला उत्तर असते, हे आवर्जून सांगायला हवे. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत तडजोड करू नये. त्यानंतर थांबल्याने वाढणारी कामे येतात: कूलंटची किंवा ऑइलची गळती, आणि मुदत संपलेला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा, कारण अनेक इंजिनांत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. एसी, पत्र्यावरचा पोचा, काच वर-खाली करणारी मोटर ही कामे थांबू शकतात. अंदाजपत्रक लेखी मागावे, त्यात मजुरी आणि सुटे भाग वेगळे असावेत, काढलेला भाग पाहायला मागावा. डॅशबोर्डवरचा इशारा पेटल्यावर यंत्रावर वाचलेला कोड बिघाड कोणत्या भागाशी संबंधित आहे याची दिशा देतो, अमुक सुटा भाग बदला असे सांगत नाही. म्हणून "सेन्सर बदलू" असे ऐकताच कोणती तपासणी केली, हे विचारायला हरकत नाही.

त्यांची दुसरी अडचण म्हणजे, "एवढा पैसा घातल्यावर आता विकू कशी?" हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. एकाच वेळी येणाऱ्या दोन सहलींची, पैसे परत न मिळणारी तिकिटे तुमच्याकडे आहेत, स्वस्त सहलीत अधिक मजा येईल असे तुम्हाला वाटते, कुठे जाल? 61 पैकी 33 जणांनी महागडी सहल निवडली, कारण तिच्यावर जास्त पैसे आधीच गेले होते. "मीही तेच केलं असतं," ते म्हणाले. मग आम्ही झालेला खर्च बाजूला ठेवला आणि फक्त येत्या बारा महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्या बाबतीत गाडी ठेवणेच परवडणारे निघाले. मागच्या दोन वर्षांच्या बिलांची बेरीज करून तिला 24 ने भागले. येणारा आकडा लहान नव्हता, पण त्याची निम्मी रक्कम दरमहा बाजूला काढणे त्यांना शक्य वाटले. जुन्या गाडीचा खर्च येणार हे ठरलेलेच असते, फक्त तारीख माहीत नसते.

यामुळे त्यांचे उत्पन्न वाढले नाही, आणि एखादे बिल खरोखरच आवाक्याबाहेर असेल तर कोणतेही वाक्य ते भरत नाही. तेव्हा हप्त्यांविषयी बोलावे लागते, आणि त्यासाठीही आधी तेच गिळलेले वाक्य बोलावे लागते.

दोन महिन्यांनी ते भेटायला आले. क्लच घसरू लागला म्हणून गाडी दाखवायला नेली होती. दोन गिऱ्हाइके शेजारी उभी असताना त्यांनी ते वाक्य म्हटले, आवाज कापला तरी पूर्ण म्हटले. मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला, गाडी पुन्हा तपासली आणि सांगितले की, जपून चालवली तर क्लच काही महिने काढेल, ब्रेक मात्र आजच करावे लागतील. त्यांनी तेवढेच काम करून घेतले. काढलेला ब्रेक पॅड त्यांनी मागून घेतला होता आणि मला दाखवायला कागदात गुंडाळून आणला होता. मी तो टेबलावर ठेवून पाहिला. धातूवरचा थर नखाच्या जाडीइतकाही उरला नव्हता.