मॉर्फिन आणि त्याची सवय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : वडिलांना कर्करोगाच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. आधी दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम पुरायचं, आता डॉक्टरांनी 15 केलं. घरचे म्हणतात सवय लागली, बंद करा. काय करावं?

उत्तर : परस्पर बंद मुळीच करू नका. काही दिवस नियमित घेतलेलं मॉर्फिन एकदम थांबवलं की दिवसभरातच नाक गळणं, अंगावर काटा, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. हे शारीरिक अवलंबित्व. ते नियमित घेणाऱ्या बहुतेकांत येतं आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. दुखणं नसताना, नुकसान दिसत असतानाही औषधामागे धावणं म्हणजे व्यसन. डोस कमी करायचाच झाला तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

कर्करोगात डोस वाढतो तेव्हा आधी आजार पुढे सरकला आहे का ते बघतात. शरीर औषधाला सरावलं असेल हा विचार त्यानंतरचा. दिवसाचे 90 मिलिग्रॅम होत असतील तर मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठीचा जादा डोस साधारण त्याचा सहावा भाग, म्हणजे 15 मिलिग्रॅम असतो. तो किती वेळा लागला याची वही ठेवा. पुढचा डोस डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.

मळमळ आणि सुस्ती काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, कारण आतडं मॉर्फिनला फारसं सरावत नाही. त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून हवं. नुसत्या इसबगोलावर भिस्त ठेवू नका. पाणी कमी पडलं तर त्याने मल आणखी अडकतो. अंगाला झटके, भास किंवा न उतरणारी गुंगी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचे उपपदार्थ अंगात साठतात आणि त्यातून हे होऊ शकतं.

प्रश्न (फार्मसीची विद्यार्थिनी, कोल्हापूर) : बीटा-अरेस्टिन (पेशीत मॉर्फिनचा संदेश थांबवणारं प्रथिन) टाळणारा रेणू केला की सहनशीलता (तोच डोस पुरेनासा होणं) आणि श्वास मंदावणं दोन्ही टळतं, असं वाचलं. मग अशी औषधं दुकानात का दिसत नाहीत?

उत्तर : कारण मूळ तर्कच अर्धा होता. म्यू रिसेप्टरला (चेतापेशीवरच्या, मॉर्फिन धरणाऱ्या प्रथिनाला) मॉर्फिन चिकटलं की जी-प्रोटीन (संदेश पेशीच्या आत नेणारं प्रथिन) जागं होतं, पोटॅशियमची वाट उघडते, कॅल्शियमची मिटते आणि चेतापेशी गप्प होते. पुढे रिसेप्टरच्या शेपटीला फॉस्फेट जोडलं जातं, अरेस्टिन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनशी असलेला दुवा तुटतो. 1999 साली बीटा-अरेस्टिन-2 नसलेल्या उंदरांत मॉर्फिन जास्त आणि दीर्घ काळ वेदना शमवतं असं दिसलं. 2000 साली सहनशीलताही कमी आढळली. पण औषध तोडल्यावरची लक्षणं त्या उंदरांतही आलीच. हा इशारा बहुतेकांनी बाजूला ठेवला. अवलंबित्वाचं मुख्य यंत्र पेशीच्या आत आहे : मॉर्फिन सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश पोचवणारा छोटा रेणू) दाबून ठेवतं, पेशी ते बनवणारी व्यवस्था वाढवते आणि औषध हटलं की ते उसळतं. मेंदूच्या बुंध्यातल्या लोकस सेरुलियसमधून नॉरअॅड्रेनॅलिन (अंगाला सावध करणारं रसायन) याचा पूर येतो. हा पूर आवरणाऱ्या क्लोनिडीन या औषधाने लक्षणं कमी होतात ती म्हणूनच.

2016 मध्ये तीस लाखांहून जास्त रेणू संगणकावर पारखून अरेस्टिन टाळणारा म्हणून पीझेडएम-21 हा रेणू निवडला गेला. नंतरच्या प्रयोगांत त्यानेही उंदरांचा श्वास मंदावला. अरेस्टिन नसलेल्या उंदरांचा श्वास वाचतो हा 2005 चा निष्कर्षही 2020 मध्ये इतर प्रयोगशाळांना मिळाला नाही. याच तर्कावर बेतलेल्या ऑलिसेरिडीन या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये नकार आणि ऑगस्ट 2020 मध्ये मंजुरी मिळाली. पण फक्त शिरेतून, दिवसाला 27 मिलिग्रॅमच्या मर्यादेत, आणि व्यसन व श्वासाचे इशारे कायम.

फसगत बहुतेकदा चाचणीतच होते. चाचणीच्या पेशींत रिसेप्टर ठासून भरलेले असतात, त्यामुळे सायक्लिक एएमपीच्या चाचणीत अर्धवट ताकदीचा रेणूही पूर्ण ताकदीचा वाटतो. अरेस्टिनच्या चाचणीत ही वाढ होत नाही, तिथे तो कमजोर दिसतो. झाला ‘पक्षपाती’, म्हणजे अरेस्टिन टाळून जी-प्रोटीनकडे झुकणारा! म्हणून बीटा-फुनाल्ट्रेक्सामीनने जादा रिसेप्टर निकामी करून पुन्हा मोजा, डॅमगो हा पूर्ण ताकदीचा रेणू तुलनेच्या संदर्भाला ठेवा आणि दोन्ही चाचण्यांची वेळ सारखी ठेवा. उंदरांत सहनशीलता तपासताना मिलिग्रॅम सारखे ठेवून उपयोग नाही, वेदनाशामक परिणाम सारखा हवा. नाहीतर कमी ताकदीचं औषध उगीच सोज्वळ ठरतं.

माझ्या मते खरी कमाई कमी अंतर्गत ताकदीच्या (रिसेप्टरला अर्धवटच जागं करणाऱ्या) रेणूंत आहे. मॉर्फिनच्याच जातीचं ब्युप्रेनॉर्फिन हे त्याचं जुनं, वापरातलं उदाहरण : एका मर्यादेपुढे श्वासावरचा दाब वाढत नाही. मात्र झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर ही मर्यादा कामाची नाही.

दुसरी वाट बर्लिनच्या संशोधकांची. फेंटानिल या मॉर्फिनच्या जातीच्या औषधाला फ्लोरिन जोडून त्याचा पीकेए (रेणू प्रोटॉन किती सहज धरतो याचं माप) आठच्या वरून सातच्या खाली आणला. सुजलेल्या, आम्ल जागीच त्याला प्रोटॉन जोडला जातो, म्हणून तो तिथेच काम करतो. 2017 मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं. सूज नसलेल्या दुखण्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न (कागल) : आईला सांधेदुखीसाठी ब्युप्रेनॉर्फिनची सात दिवसांची पट्टी दिली आहे. काळजी काय घ्यावी? अजिबात सवय न लागणारं काही आलं आहे का?

उत्तर : पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, शेकोटीजवळ बसू देऊ नका. उष्णतेने औषध भराभर आत जातं. तापातही हाच धोका. पट्टी कोरड्या, केस नसलेल्या कातडीवर लावा, दर वेळी जागा बदला, त्याच जागी निदान तीन आठवडे परत नको. परिणाम स्थिरावायला तीनेक दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी दुसरी पट्टी वाढवू नका. जुनी पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका. तिच्यात बरंच औषध उरलेलं असतं. मोठ्या डोसच्या मॉर्फिनवर असलेल्या माणसाला ही पट्टी परस्पर लावली तर ती मॉर्फिनला रिसेप्टरवरून हुसकते आणि औषध तोडल्यासारखी लक्षणं येऊ शकतात.

सुझेट्रिजीन जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध, नाही. वेदना वाहणाऱ्या नसांतली सोडियमची एक वाट अडवतं, त्यामुळे ओपिऑइडसारखी सवय अपेक्षित नाही. पण मंजुरी तात्पुरत्या, तीव्र दुखण्यासाठी आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांत ते हायड्रोकोडोन (एक ओपिऑइड) आणि पॅरासिटामॉलच्या जोडीपेक्षा सरस ठरलं नाही. सांध्यांच्या जुन्या दुखण्यासाठी त्याची वाट बघत पट्टी काढू नका.