ज्या पक्षाला वर्षानुवर्षं मत दिलं तो तुम्ही का सोडला?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही विचारलंय की खेड्यातली माणसं पैसे नाहीतर जात पाहूनच पक्ष बदलतात का. भाऊ, दोन्ही चालते, नाही म्हणणार नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात तिकीट जाहीर व्हायच्या आधीच पानठेल्यावर तेली-कुणबी हिशोब मांडून झालेला असतो, पक्ष कोणताही असो. पण माझं स्वतःचं मत कशानं हललं ते सांगतो.

मी देवळी तालुक्यातला कास्तकार, सात एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन. घरी काँग्रेसला कोणी पक्ष समजतच नव्हतं, ती रीत होती. बैलजोडी, गाय-वासरू, मग पंजा, चिन्हं बदलली पण शिक्का तिथंच. 1977 ला उत्तरेत काँग्रेस साफ झाली, इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या, विदर्भ मात्र त्यांच्यासोबत राहिला, आणि त्याच वर्षी त्या विनोबांना भेटायला पवनारला आल्या. बाबा ते असं सांगायचे जसं काही बाई आमच्याच घरी चहा पिऊन गेल्या.

माझं पहिलं मत 1991 चं. मतदानाचं वय नुकतंच 21 चं 18 झालं होतं. वसंत साठे उभे होते, देशात कलर टीव्ही आला तेव्हाचे मंत्री, मोठं नाव, मी पंजावर शिक्का मारला आणि साठे पडले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून आले, गांधींच्या सेवाग्रामचा जिल्हा अन् खासदार लाल बावट्याचा! पुढं 1996 ला भाजप, 1998 ला काँग्रेस, 2004 ला भाजप, 2009 ला परत काँग्रेस. त्यामुळं इथले लोक डोळे मिटून मत देतात असं कोणी म्हटलं की मला हसू येते. डोळे मिटून देणारे आमच्यासारखे काही घरं होते, तेवढंच.

आता मुद्दा. 2008 ला केंद्राची कर्जमाफी आली, त्यात अट होती दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकर. त्याच्या आत असाल तर थकीत पीककर्ज सगळं माफ, त्याच्यावर असाल तर 25 टक्के सूट, आमच्यासारख्या जिल्ह्यात 25 टक्के नाहीतर वीस हजार, जे जास्त ते, तीही आधी बाकीचे भरले तर. अरे, भरायला असते तर थकलो काहून असतो? ज्याच्या चार एकरात पाणी आहे, ऊस आहे, तो लहान शेतकरी, अन् माझी सात एकर पावसावरची, तर मी मोठा. विदर्भात जमीन जास्त दिसते कारण ती देते कमी, हे दिल्लीत बसून अट लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसेल का? शेजारच्या दोघा भावांची जमीन आमच्याएवढीच, पण कागदावर वाटणी झालेली होती म्हणून दोघंही माफीत बसले. माझा सातबारा एकट्याच्या नावाचा.

तरी 2009 ला मत पंजालाच दिलं, बाबा होते तोवर दुसरं शक्य नव्हतं. म्हणायचे, "हात सोडून कुठं जाशीन रे, हातानंच जेवतं नं तू?"

2014 ला बाबा नव्हते. मार्चमध्ये मोदी यवतमाळ जिल्ह्यात दाभडीला चाय पे चर्चेला आले, उत्पादन खर्चावर 50 टक्के नफा धरून भाव देऊ म्हणाले. हे वाक्य गावातल्या प्रत्येक पोट्ट्याला पाठ होतं. मी कमळ दाबलं, विदर्भातल्या दहाच्या दहा जागा युतीला गेल्या. (वेगळ्या विदर्भाचंही थोडं मनात होतं, भाजपनं 1997 ला भुवनेश्वरला तसा ठरावच केला होता. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.) दीडपटीचं म्हणाल तर 2018 च्या बजेटमध्ये दिला असं जाहीर झालं, पण त्यात बियाणं, खत, मजुरी, घरच्यांची मेहनत एवढंच धरलं, स्वतःच्या जमिनीचा खंड अन् भांडवलाचं व्याज सोडून दिलं. एवढं असूनही 2019 ला मी परत कमळच दाबलं, आणि त्याचं कारण बालाकोट नाही. राज्याच्या 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंत माफी होती अन् जमिनीची अट नव्हती, माझं नाव बसलं. ऑनलाइन फॉर्मसाठी सेंटरवर लाईनीत उभं राहून जीव गेला तो वेगळा.

2024 च्या लोकसभेला मत फिरलं सोयाबीननं. 2021 ला क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेलं सोयाबीन 4600 च्या हमीभावाच्याही खाली विकावं लागत होतं. वर्ध्यात मशीनवर पंजाच नव्हता, जागा शरद पवारांच्या पक्षाला सुटलेली, म्हणून तुतारी दाबली. बाबांनी मशीनवर पंजा शोधला असता अन् आल्या पावली घरी गेले असते.

सहा-सात महिन्यांनी विधानसभा आली, जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपला, वर्षानुवर्षं काँग्रेसकडं असलेली आमची देवळीसुद्धा. शहरातले पाहुणे म्हणतात बाया लाडक्या बहिणीच्या 1500 रुपयांत विकल्या गेल्या. मला हे पटत नाही. आमच्या घरी पहिल्यांदा दोन मतं पडली, मी पंजाला दिलं, बायकोनं कमळाला. मी म्हटलं अगं सोयाबीनचा भाव काय आहे ते तरी पाय, तर म्हणे, "सोयाबीनचा चुकारा कोणाच्या खात्यात जाते? सातबाऱ्यावर माहं नाव आहे का? कापूस मी वेचतो, निंदण मी करतो, अन् माह्या नावानं आलेला हा पहिला पैसा आहे." मी दोन हेक्टरच्या अटीवर इतकी वर्षं चिडून आहे, ती तर कोणत्याच यादीत नव्हती, मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

ऑक्टोबर 2025 च्या नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतर सरकारनं कर्जमाफीसाठी 30 जून 2026 ची तारीख दिली. मला पुढच्या वेळी कोणाला देणार विचाराल तर जीआर हातात घेऊन पहिले जमिनीची अट शोधीन, मग बोलू. बायकोचं तिला विचारा, ती तिचं सांगेल.