एकट्याने एका दिवसात वरंध आणि आंबेनळी घाट सायकलने करणं वेडेपणा आहे का? ग्रुपसोबतच जावं का? आणि सायकल कोणती घ्यावी?

वेडेपणा मुळीच नाही. पंधरा जणांच्या घोळक्यात दुसऱ्याच्या दमाने घाट चढणं हा वेडेपणा. "एकटीने घाट म्हणजे नुसती मस्ती," असं आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ सायकलस्वाराने मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. तुमचा प्रश्न वाचल्यावर मात्र राहवलं नाही.

ग्रुपमध्ये काय होतं बघा. जोरातली मंडळी पुढे जातात, "वर थांबतो" म्हणतात आणि खरंच थांबतात. चहा पितात, फोटो काढतात, पाय मोकळे करतात. सगळ्यात मागचा धापा टाकत पोचला की "चला, आले सगळे" म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच वाट्याला ती सगळ्यात कमी येते. खंबाटकी घाटात माझं हेच व्हायचं, पसरणी घाटात हेच. बाटलीचं झाकण उघडेपर्यंत पुढच्यांच्या सायकली हललेल्या असायच्या. वर पुन्हा बोलणार, हिचा स्टॅमिना कमी आहे.

म्हणून एका डिसेंबरात घरी सगळं सांगून, ग्रुपला काहीही न सांगता मी भोरला मुक्कामाला गेले आणि पहाटे पाचला निघाले. भोरहून वरंध उतरून महाडजवळ हायवेला लागायचं, तिथून पोलादपूर, आणि मग आंबेनळीने महाबळेश्वर. सगळं मिळून सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटर. आकड्याला भिऊ नका, उंचीला भ्या. भोरला तुम्ही घाटावर असता, महाड-पोलादपूरला जवळजवळ समुद्रसपाटीला येता आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. वरंधात असलेली सगळी उंची घालवायची आणि आंबेनळीत दुपटीने परत कमवायची, तीही भर दुपारी.

नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेचा रस्ता अंधारातच गेला. तो सपाट आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, सारखा वर-खाली होतो आणि पाय तिथेच खर्ची पडतात. वरंध घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी पोचले तेव्हा टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. गरम भजी आणि दोन कप चहा घेतला, निवांत बसून खालची शिवथरची दरी बघितली. "चला" म्हणणारं कुणी नव्हतं! निम्मा घाट मी तिथेच जिंकला, असं मला आजही वाटतं.

उतारावर बोटं गारठली होती. बिरवाडीच्या आसपास आल्यावर मात्र अंगावर एकदम कोकणातली दमट हवा आली आणि जॅकेट काढावं लागलं. लोक चढणीची तयारी करतात आणि या मधल्या टप्प्याला विसरतात. हायवेवरचे ट्रक, ऊन, सावली नाही. या टप्प्यात वेळ भरून काढायला जोर लावू नका. पोलादपूरला पोटभर वरण-भात खाल्ला, बाटल्या भरल्या, एकीत ओआरएस टाकलं आणि बारानंतर चढायला लागले.

आंबेनळी एका दमात चढणारा घाट नाही. आधी सावित्रीच्या खोऱ्यातून प्रतापगडाच्या फाट्याकडे चढायचं, मग थोडं उतरून वाडा-कुंभरोशीला कोयनेच्या खोऱ्यात यायचं, आणि तिथून महाबळेश्वरची चढण सुरू. आता संपलं असं वाटतं तिथे वीसेक किलोमीटर उरलेले असतात. माझी गती ठरवायची पद्धत साधी आहे. मी मोठ्याने पाढे म्हणते. एकोणतिसाचा पाढा मध्ये श्वास न तुटता म्हणता आला तर गती बरोबर, तुटला तर गिअर हलका करायचा. ग्रुपमध्ये हे कोण करू देईल? दर पाऊण तासाला काहीतरी पोटात जायलाच हवं, भूक लागो न लागो. मी चिक्की, खजूर आणि गूळपोळीचे तुकडे खिशात ठेवते.

कुंभरोशीच्या वर एका वळणावर पोटरीत गोळा आला. उतरले आणि सायकल हातात धरून चालत राहिले. वळणामागून वळण चालले, पाय मोकळे झाले तशी परत बसले. आमच्या त्या ज्येष्ठांचा दुसरा नियम होता, ढकललीत तर घाट झाला असं धरायचं नाही. कुणी ठरवलं हे? १९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींत शिरली, तेव्हा ऑबिस्कच्या चढणीवर ऑक्टाव लापीझ सायकल ढकलत चालला होता, आणि त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. आपल्याकडच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये, तर नियमच असा की आपलं ओझं आपण वाहायचं, नियंत्रण-ठाण्यांखेरीज वाटेत गाडीची मदत नाही. लांब पल्ल्याची सायकल मुळात स्वतःच्या जिवावर चालवायची गोष्ट आहे. ऊन कलत असताना मी महाबळेश्वरच्या बाजारात पोचले. दमले होते, पण रडवेली नव्हते. ग्रुपसोबत पसरणी चढून आल्यावर मी बहुतेक वेळा रडवेली असायचे.

आता सायकल. ब्रँडवर डोकं घालवू नका. पेडलपाशी असलेली पुढची सगळ्यात लहान दातेरी चकती आणि मागच्या चाकाची सगळ्यात मोठी, यांच्या दातांची संख्या निदान सारखी हवी. रोड सायकलला पुढे ३४ आणि मागे ३४ चालेल. सामान घेणार असाल तर पुढची मागच्याहून लहान असलेली बरी, म्हणून तीन चकत्यांची साधी हायब्रिड महागड्या रेसिंग सायकलपेक्षा इथे जास्त कामाची. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. ब्रेकचे पॅड प्रवासाला निघण्याआधी बदला, आणि उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, सोडत-दाबत उतरा.

एक मात्र आहे. पंक्चर स्वतः काढता येत नसेल तर एकट्याने जाऊ नका, त्या बाबतीत ज्येष्ठांचं बरोबर आहे. वरंधात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे कुठल्या गावाहून किती वाजता फोन करणार हे घरी आधी ठरवून द्या. याआधी एकही घाट केला नसेल तर आधी नुसता पसरणी करून बघा. अंधार पडला तर जिथे असाल तिथे मुक्काम शोधा.

आणि पावसाळ्यात अजिबात नाही. जुलै २०२१ मध्ये तळिये गावावर दरड कोसळली ती याच महाड तालुक्यात, आणि त्याच पावसात आंबेनळीचा रस्ताही तुटला होता. वरंध पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात आणि कामासाठी इतर वेळीही बंद होतो, तेव्हा भोरला मुक्कामाला जायच्या आधी महाड किंवा भोरच्या पोलीस ठाण्यात फोन करून घाट चालू आहे का, ते विचारून घ्या.