वाचकांचे प्रश्न : केसपेपरवरची सही आणि रुग्णाची खाजगी बाब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे रुग्णाच्या नोंदींविषयी आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या रुग्णालयांची ओळख पटेल असा मजकूर त्यांतून काढून टाकला आहे.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात सहा वर्षे स्टाफ नर्स आहे. गेल्या वर्षापासून आमच्या नोंदी संगणकावर होतात. प्रत्येकीला स्वतंत्र लॉगिन दिलेले आहे, पण वॉर्डात संगणक एकच असल्यामुळे शिफ्टच्या सुरुवातीला जी उघडते तिच्याच नावावर सगळ्या जणी नोंदी करतात. मागच्या महिन्यात एका रुग्णाला सकाळी सहाचे अँटिबायोटिक दिल्याची नोंद सापडली आणि इंजेक्शन मात्र ट्रेमध्ये तसेच होते. नोंद माझ्या नावावर होती, ती मी केलेली नव्हती. शिवाय रात्री डॉक्टरांना कळवायचे झाले की चार्टचा फोटो वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा लागतो. यात माझी जबाबदारी किती?

उत्तर : आपल्या पत्रातील तिन्ही गोष्टींचे, म्हणजे लॉगिन, न दिलेल्या औषधाची नोंद आणि ग्रुपवरचा फोटो यांचे, मूळ एकच आहे. नोंद कोणासाठी करायची याचा विसर पडला की ती केवळ उरकण्याचे काम होते.

आधी लॉगिनविषयी. कागदी केसपेपरवर तीन जणींनी लिहिले तरी तीन अक्षरे वेगळी ओळखू येत, आणि वादाचा प्रसंग आला तर मेट्रन बाई अक्षरावरूनच विचारणा करीत. संगणकावर अक्षर नसते. तिथे नाव, तारीख आणि वेळ आपोआप उमटते, कोणी नोंद पाहिली आणि कोणी बदलली याचाही माग प्रणालीत राहतो, आणि चौकशी झाली तर हा मागच पुरावा म्हणून समोर ठेवला जातो. केंद्र सरकारने 2016 मध्ये सुधारून दिलेली इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख आणि असा माग गृहीत धरूनच तयार केलेली आहेत. त्यामुळे आपल्या नावाने उघडा राहिलेला स्क्रीन म्हणजे सही करून ठेवलेला कोरा केसपेपर होय. ‘ती नोंद माझी नाही’ हे आपण खरेच सांगत आहात यावर माझा विश्वास आहे, पण प्रणालीतून ते सिद्ध करता येणार नाही.

आपण आता दोन गोष्टी कराव्यात. घडलेला प्रसंग तारीख आणि वेळेसह लेखी स्वरूपात इनचार्ज सिस्टरांना द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्याचबरोबर काही मिनिटे वापर न झाल्यास स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय करून द्यावी, अशी मागणी करावी. बहुतेक प्रणालींत ती असतेच, फक्त सुरू केलेली नसते. मात्र सगळा दोष परिचारिकांवर टाकणे मला मान्य नाही. एका सिस्टरने एवढ्या खाटा सांभाळायच्या, संगणक एक, आणि लॉगिन व्हायला दोन-दोन मिनिटे लागायची, अशा ठिकाणी लॉगिन वाटून घेतले जाणारच. दुसरा संगणक घेणे हे व्यवस्थापनाचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून लेखी मागितले पाहिजे.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. सहाचे औषध पाचलाच ‘दिले’ म्हणून नोंदवून ठेवण्याची सवय संगणकाबरोबर आलेली नाही, ती फार जुनी आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाइट ड्युटीला मी स्वतः सहाचे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाची नोंद, साडेचारलाच लिहून ठेवले होते. त्यातल्या एका बाईंना साडेपाचला थंडी वाजून ताप भरला. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी माझा 98.6 पाहिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. दहाच्या सुमारास ताप लक्षात आला. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, पण त्यांचे ते चार तास माझ्या आकड्यामुळे वाया गेले होते आणि त्यानंतर मी एकही नोंद वेळेआधी केली नाही. संगणकावर तर हा प्रकार लपतही नाही. बारा रुग्णांचा रक्तदाब एकाच मिनिटाला नोंदलेला असेल आणि सगळ्यांचा 120/80 असेल, तर ते वाचणाऱ्याला काय घडले ते लगेच समजते. कालची नोंद कॉपी करून ‘प्रकृती स्थिर, तक्रार नाही’ असे रोज चिकटवणेही त्याच जातीचे आहे.

उशिरा नोंद करण्यात मात्र काही गैर नाही. इमर्जन्सी आली, दोन तास कागद हाती घेता आला नाही, असे घडतेच. अशा वेळी ‘उशिरा केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहावे, लिहिण्याची वेळ आताची द्यावी आणि घटना किती वाजता घडली ते मजकुरात सांगावे. कागदावर चूक झाली तर एक आडवी रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि वेळ घालावी. व्हाइटनर केसपेपरवर कधीही वापरू नये, कारण झाकलेली चूक खोडसाळपणासारखी दिसते.

आता व्हॉट्सॲप. डॉक्टरांशी त्यावरून संपर्क साधणे हा काही गुन्हा नाही. मार्च 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचनांनी अशा माध्यमांतून सल्ला देण्यास वाव दिलेला आहे. अडचण आहे ती ग्रुपची. रुग्णाचे नाव, वय आणि निदान दिसणारा चार्ट ग्रुपवर टाकला की तो त्या क्षणी ड्युटीवर नसलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरतो, तिथून गॅलरीत आणि बॅकअपमध्ये जातो, आणि नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या फोनमध्येही राहतो. ज्या डॉक्टरांना कळवायचे आहे त्यांना एकट्यांनाच, शक्यतो रुग्णालयाच्या फोनवरून, नाव झाकून आणि आवश्यक तेवढाच भाग पाठवावा. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती परत वाचून दाखवावी, ‘टेलिफोन ऑर्डर’ म्हणून डॉक्टरांच्या नावासह नोंदवावी आणि ते आले की त्यांची सही घ्यावी. चॅटमधला मजकूर केसपेपरची जागा घेत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड परिचारिकेवर नसून माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. व्यवस्थापनाशी बोलताना हा आकडा आपल्या उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी आई अठरा दिवस एका खाजगी रुग्णालयात दाखल होती. डिस्चार्ज कार्ड मिळाले, पण पाठीवर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, कधी सुरू झाला हे पाहण्यासाठी मी नर्सिंगच्या नोंदी मागितल्या तेव्हा ‘ते आमचे अंतर्गत कागद आहेत’ असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?

उत्तर : हे बरोबर नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांच्या आत दिल्या पाहिजेत, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत. रुग्णाला त्याच्या नोंदी नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा चार्ट आणि इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) हे सगळे त्याच केसपेपरचे भाग आहेत.

अर्ज शक्यतो आईंच्या सहीने द्यावा. त्या सही करू शकत नसतील तर आपल्याला अधिकारपत्र जोडावे लागेल. मुलगा किंवा मुलगी असल्यामुळे आईची सारी माहिती आपोआप आपली होत नाही, आणि रुग्णालय एवढ्याचसाठी थांबवत असेल तर त्यांचे चुकलेले नाही. अर्जात ‘सर्व कागद’ असे मोघम न लिहिता दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतच्या नर्सिंग नोंदी, कूस बदलल्याचा चार्ट आणि दाखल करतेवेळी केलेली त्वचेची तपासणी असे नेमके लिहावे. ही शेवटची नोंद आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जखम घरून आली की वॉर्डात झाली हे तिच्यावरूनच ठरते. पोच घ्यावी, प्रतींचा खर्च द्यावा, आणि 72 तासांत काही मिळाले नाही तर रुग्णालयाची नोंदणी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याकडे त्या पोचेसह तक्रार करावी.

प्रश्न : माझ्या भावाला एचआयव्ही आहे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तो दाखल झाला तेव्हा त्याच्या फाईलवर लाल स्टिकर लावला होता आणि सिस्टरांच्या टेबलामागच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे तसे लिहिले होते. भेटायला आलेल्या गावातल्या माणसाने ते वाचले. आता भाऊ औषधे आणायलाही बाहेर पडत नाही. कर्मचाऱ्यांना धोका असतो म्हणून असे करावे लागते, असे आम्हाला सांगण्यात आले.

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले. आपल्याला दिलेले कारण खरे नाही, हे मी वॉर्डात आयुष्य घालवलेली परिचारिका म्हणून खात्रीने सांगते. हातमोजे, सुई टोपण न लावता थेट डब्यात टाकणे आणि सांडलेले रक्त ठरलेल्या पद्धतीने पुसणे ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यायची असते, कारण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याच्या फाईलवर स्टिकर नसतो. स्टिकर पाहून मोजे घालणारी सिस्टर इतर सगळ्या खाटांशी उघड्या हाताने काम करते, म्हणजे त्या स्टिकरने तिचेही रक्षण होत नाही. सुई टोचलीच तर प्रतिबंधक औषधे तातडीने, 72 तासांच्या आत सुरू करायची असतात, आणि ती उपलब्ध ठेवणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

2017 चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार अशा व्यक्तीची स्थिती तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्या रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्यांनी आपसांत आवश्यक तेवढे सांगणे याला अपवाद आहे. फळा या अपवादात बसत नाही. हीच बाब संगणकावरही पाळली गेली पाहिजे. नाव उघडताच सर्वांत वर निदान झळकत असेल तर बिलाच्या खिडकीवरचा कारकूनही ते वाचतो, त्यामुळे ज्याच्या कामाला जेवढे लागते तेवढेच त्याला दिसेल अशी रचना मागून घ्यावी लागते.

वीस किंवा अधिक माणसे काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे या कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याच्याही वर राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. तक्रार करावी की नाही हे भावाने ठरवावे. ती केल्याने पुन्हा चर्चा होईल अशी भीती त्याला वाटत असेल तर तिचा मान राखा, आणि तोपर्यंत त्याची औषधे एक दिवसही चुकणार नाहीत एवढे पाहा. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातील समुपदेशक यात मदत करू शकतील.

परिचारिका वाचकांना एवढेच आठवण करून देते की नर्सिंगच्या शिक्षणातील दीपप्रज्वलनाच्या दिवशी आपण म्हणतो त्या शपथेत, जी 1893 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली, रुग्णाची आणि त्याच्या घरची खाजगी बाब गुप्त ठेवण्याचे वचन आहे. ती शपथ त्या फळ्यालाही लागू होते.

प्रश्न : आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) क्रमांक काढला तर माझे सगळे आजार कोणत्याही दवाखान्यात दिसतील का?

उत्तर : दिसणार नाहीत. 14 अंकी आभा क्रमांक ही फक्त ओळख आहे आणि तो घेणे ऐच्छिक आहे. अहवाल ज्या रुग्णालयात तयार झाला तिथेच राहतो आणि दुसऱ्याला तो पाहायचा असेल तर आपली संमती लागते. ती कोणत्या कागदांसाठी आणि किती काळासाठी हे आपण ठरवू शकता, नंतर मागेही घेऊ शकता. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेताना नाव, वय, पत्ता अशी ओळखीची माहितीच जाते. आपला मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन ‘तुम्हीच ओके करा’ असे मात्र म्हणू नये, कारण ती संमती आपलीच धरली जाते.

प्रश्न : मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थिनी विचारतात की सगळे संगणकावर असताना कागदी चार्ट कशाला शिकायचा. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांना 23 नोव्हेंबर 2022 ची घटना सांगा. त्या दिवशी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, आणि देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात नोंदणी, अहवाल, दाखल करणे आणि डिस्चार्ज ही कामे जवळजवळ दोन आठवडे हाताने चालली. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी वीज गेली की हेच लहान प्रमाणात घडते.

पण कोरे चार्ट कपाटात ठेवले म्हणजे तयारी झाली असे नाही. संगणक बंद पडताच ड्युटीवरील सिस्टरजवळ प्रत्येक रुग्णाची ॲलर्जी, चालू औषधे आणि पुढच्या डोसची वेळ कागदावर असायला हवी, आणि त्यासाठी प्रत्येक ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे काम सोपवण्याच्या, वेळी तेवढी यादी छापून घ्यावी, शिफ्ट संपली की ती फाडून टाकावी, खिशात घरी नेऊ नये. विद्यार्थिनींकडून हा सराव वर्षातून एकदा तरी पूर्ण शिफ्टभर करून घ्या. प्रणाली परत सुरू झाल्यावर कागदावरच्या नोंदी संगणकात भरताना औषध प्रत्यक्ष दिल्याची वेळ लिहायची, भरल्याची वेळ प्रणाली स्वतः नोंदवते, आणि मूळ कागद केसपेपरला जोडून ठेवायचा, हेही त्याच वेळी शिकवावे.